फोनमधली पाटी आपणच लिहायची आहे

‘पूर्वीसारखे गिऱ्हाईक राहिले नाही’ हे वाक्य आपल्या समाजात आता रामरामासारखे झाले आहे. हुबळीच्या दुर्गदबैलात कापड विकणारे ते म्हणतात, धारवाडच्या सुभाष रोडवर वह्या-पुस्तके विकणारे म्हणतात, आणि मळमड्डीत घरच्या घरी दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या आमच्या भगिनीही म्हणतात. मॉल आले, घरपोच माल देणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या, मुले शिकून पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेली, ही कारणे खरी आहेत. पण ती अर्धीच कारणे आहेत. उरलेले अर्धे कारण आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि त्याबद्दल आम्हांला आज जरा स्पष्ट बोलायचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप ही छोट्या धंद्याला आजवर मिळालेली सर्वांत स्वस्त पेठ आहे. आपण त्या पेठेत गेलो खरे, पण तिथेही आपल्याच गल्लीत जाऊन बसलो. आपल्याच ग्रुपवर, आपल्याच भाषेत, आपल्याच वीस-पंचवीस घरांना आपण माल विकतो आणि विक्री वाढत नाही म्हणून हळहळतो. हुबळी-धारवाडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने आपल्या धंद्याचे पान कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहावे, आणि कन्नड आधी लिहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते सर्वांना रुचेल असे नाही. पण वाचकांनी शेवटपर्यंत वाचून मग काय ते ठरवावे, ही विनंती.

माल चांगला असेल तर जाहिरात कशाला?

ज्येष्ठ मंडळी पहिला प्रश्न हाच विचारतील. धारवाडच्या पेढ्याची कोणी जाहिरात केली होती? प्रश्न रास्त आहे. उन्नावकडून आलेल्या ठाकूर घराण्याने हा पेढा इथे रुजवला. लाइन बाजारातल्या बाबूसिंग ठाकूर यांच्या दुकानापुढे रांगा लागल्या, आणि रांग पाहून आणखी लोक थांबले. पण त्या रांगेत कोण उभे असे, हे आठवून पाहा. कर्नाटक कॉलेजात शिकायला आलेली मुले, कोर्टकचेरीच्या कामाला आलेले लोक, लग्नकार्याहून परत निघालेले पाहुणे. यांनी पेढ्याचा पुडा आपापल्या गावी नेला, चार घरांत वाटला आणि नाव सांगितले. म्हणजे जाहिरात झालीच होती. ती गिऱ्हाइकाच्या तोंडून झाली, एवढेच. पुढे मिश्रा पेढेवाल्यांनी ठिकठिकाणी दुकाने काढली आणि नाव आणखी पसरले. धारवाड पेढ्याला आज भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदणी आहे. नाव मोठे झाले की ते कोणीही डब्यावर छापू लागतो, म्हणून अशी नोंदणी लागते.

आज गिऱ्हाइकाचे ते तोंड फोनमध्ये आले आहे. पूर्वी पाहुणा घरी जाऊन सांगे, आता तो गाडीत बसल्याबसल्या फोटो पाठवतो. फोटो पाहून समोरचा माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे दुकानाचे नाव फोनवर शोधतो. नाव सापडले नाही, पत्ता सापडला नाही, वेळ कळली नाही, तर तो पुढच्या दुकानाकडे वळतो. माल कितीही चांगला असला तरी तो चाखायला माणूस आधी दारापर्यंत पोचला पाहिजे.

जाहिरात म्हणजे हलके काम, असे मानणाऱ्यांनी आपल्याच भागातल्या किर्लोस्करांचा इतिहास आठवावा. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असे म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवावी, हा तिचा मूळ हेतू. पण नुसत्या मालाच्या याद्या कोण वाचणार? त्यात वाचण्यासारखा मजकूर आला, लोक अंकाची वाट पाहू लागले, आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे नामांकित मासिक झाले. शंभर वर्षांपूर्वीचा हा धडा आजही जसाच्या तसा लागू आहे. रोज ‘घ्या, घ्या’ म्हणणाऱ्या पानाकडे कोणी बघत नाही. कापडवाल्याने इरकल साडी कशी धुवावी हे सांगावे, मसालेवाल्या काकूंनी मेतकूट कसे टिकवावे हे सांगावे, शिंपीकाम करणाऱ्या ताईंनी मापे कशी घ्यायची ते दाखवावे. चार वेळा उपयोगाचे सांगितले, की पाचव्या वेळी मालाचे सांगितलेले लोक ऐकतात.

पाटीचा कायदा आणि कायद्याबाहेरची पाटी

आता भाषेकडे येतो. २०२४ साली झालेल्या दुरुस्तीमुळे कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असणे बंधनकारक झाले आहे. आपल्यापैकी अनेकांनी पाट्या बदलल्या. काहींनी कुरकुर करीत बदलल्या, काहींच्या पाट्या आधीपासूनच कन्नडमध्ये होत्या. फोनमधल्या पाटीला असे काही प्रमाण ठरवून दिलेले नाही. तिथे काय लिहायचे ते आपण ठरवतो. म्हणूनच तिथे आपला व्यवहार कळतो.

आपल्या घरांतून निघणारी बहुतेक पाने एकतर फक्त इंग्रजीत असतात, नाहीतर फक्त मराठीत. इंग्रजी वाचणारा गिऱ्हाईक मोठ्या कंपनीकडूनही मागवू शकतो. मराठी वाचणारे या गावात मोजके आहेत, आणि त्यांतले बरेचसे आपल्याला ओळखतातच. राहिला तो कन्नड वाचणारा, आणि या गावचे बहुतेक गिऱ्हाईक तेच आहे. नवलगुंद, कुंदगोळ, कलघटगीहून खरेदीला हुबळीला येणारा शेतकरी, विद्यागिरीत नव्याने राहायला आलेले नोकरदार कुटुंब, केशवापुरातली गृहिणी, या सर्वांना आपला माल आवडेल, पण आपले पान त्यांच्याशी बोलतच नाही.

गंमत अशी की आपल्याला कन्नड येत नाही, असे मुळीच नाही. बाजारात, बँकेत, शेजारी, रिक्षावाल्याशी आपण दिवसभर कन्नडच बोलतो. पन्नाशी-साठीच्या कित्येकांना लिहिण्याची सवय राहिली नाही, एवढेच. पण नातवंडे शाळेत कन्नड लिहितात. आजीने सांगावे आणि नातवाने लिहावे, दहा ओळींचे काम आहे. त्या निमित्ताने दोघांची बैठक होईल, हा वरचा लाभ.

यात मराठीपणा कमी होतो का? आम्हांला तसे वाटत नाही. धारवाडच्या साधनकेरीत राहणाऱ्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कविता कन्नडमध्ये केली, ‘नाकु तंती’साठी १९७३ चे ज्ञानपीठ मिळवले आणि मराठीही सोडली नाही. गदग-धारवाडच्या मातीतून गेलेल्या पंडित भीमसेन जोशींनी एकाच गळ्यातून मराठी अभंग आणि कन्नड दासपदे गायिली. आणि हुबळीतल्या सावजींच्या दुकानांवर कन्नड अक्षरांत जो ‘खानावळी’ शब्द लिहिलेला असतो, तो आपल्या खानावळीचाच. शब्द इकडून तिकडे गेले, चवी गेल्या, सोयरिकीही झाल्या. मग फोनवर चार ओळी कन्नडमध्ये लिहिताना कसला संकोच?

मात्र मराठी पुसूनही टाकू नका. कन्नडच्या खाली तोच मजकूर मराठीत अवश्य द्या. त्याला भावनेइतकेच व्यवहाराचे कारण आहे. या गावातून पुणे, मुंबई, ठाण्याला आणि परदेशी गेलेली आपली माणसे शेंगदाण्याच्या चटणीसाठी, खडक भाकरीसाठी आणि धारवाडी मसाल्यासाठी आजही हळहळतात. ती फोनवर मराठीत शोधतात. त्यांना माल पाठवण्याची सोय हुबळीत जितकी आहे, तितकी थोड्याच गावांत असेल. रेल्वेच्या दक्षिण पश्चिम विभागाचे मुख्यालय इथे, व्हीआरएलसारख्या मोठ्या वाहतूक कंपनीचे मुख्य कार्यालय इथे, टपाल आणि कुरियर तर आहेतच. आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट. १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले. जुने लोक ‘हुबळी’ लिहून शोधतात, नवे लोक नव्या स्पेलिंगने. आपल्या पानावर दोन्ही नावे लिहून ठेवा, म्हणजे दोघांनाही दुकान सापडेल.

दुकानाच्या पानावर वाद नकोत

हे पत्रक राजकीय मते मांडते आणि पुढेही मांडणार. म्हणूनच हे सांगण्याचा अधिकार आम्ही घेतो, की दुकानाच्या पानावर राजकारण आणू नका. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमावादाच्या दाव्यात आपली दोन शहरे नाहीत, तरी तिकडे ठिणगी पडली की झळ इथे पोचते. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही बाजूंना एकमेकांच्या वाहनांवर राग निघाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून बसवाहकाला मारहाण झाल्याचे प्रकरण पेटले आणि दोन राज्यांमधल्या बसगाड्या बंद ठेवाव्या लागल्या. भाषेचा वाद नसला तरी एका पोस्टने काय होते, ते आपल्या गावाने १६ एप्रिल २०२२ च्या रात्री जुन्या हुबळीत पाहिले आहे. एका आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला, आणि बाजाराला त्याची किंमत मोजावी लागली.

अशा दिवसांत एखादा चिडका मजकूर न वाचता पुढे ढकलणे सोपे असते. पण ज्या नंबरवरून आपण चकलीचा भाव पाठवतो, त्याच नंबरच्या स्टेटसवर तो मजकूर लागला तर दहा वर्षांचे गिऱ्हाईक एका दुपारी तुटते. कोणी म्हणेल, ही भित्री वृत्ती झाली. आम्ही म्हणतो, ही गादीची जुनी रीत आहे. आपले आजोबा तराजू हातात असताना गिऱ्हाइकाशी पक्षाचे भांडण काढीत नसत. मत द्यायला मतपेटी होती, बोलायला सभा होती. आजही मंडळाची बैठक आहे, हे पत्रक आहे. तिथे जोरात बोलावे. धंद्याचा फोन मात्र वेगळा ठेवावा, शक्य तर सिमकार्डही वेगळे घ्यावे.

जागा भाड्याची, वही आपली

या पेठेत एक मोठा धोका आहे. इथली जागा आपली नसते. मालक दूर देशात बसतो आणि नियम मनाला येईल तेव्हा बदलतो. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले, की आता लोकांना धंद्यांच्या पानांपेक्षा मित्र-नातेवाइकांचे मजकूर जास्त दाखवू. फुकट मिळणारी नजर त्यानंतर आटली आणि पैसे भरून जाहिरात देण्याची वेळ आली. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा त्यावर हजारो चाहते जमवलेल्या छोट्या धंदेवाल्यांची जमवाजमव एका रात्रीत गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही जवळजवळ सहा तास जगभर बंद पडले. त्या रात्री ज्याच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर कागदावर होते, तो फोन लावू शकला. इतरांनी वाट पाहिली.

म्हणून जुनी वही ठेवा. आपल्या वाडवडिलांची उधारीची वही होती, तशी गिऱ्हाइकाची वही. नाव, नंबर, पत्ता, मागच्या वेळी काय नेले, उपासाची भाजणी लागते की नाही, मुलीचे लग्न कधी आहे. नंबर घेताना ‘नवीन माल आला की कळवू का’ असे विचारा. नकार आला तर तो पाळा, कारण कोणाचा नंबर न विचारता वापरणे आता सभ्यतेला सोडून आहेच, शिवाय २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यालाही सोडून आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप, ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच मिळतो. तेव्हा पिशवीत बिलाबरोबर एक चिठ्ठी घाला आणि नंबर साठवून ठेवायला सांगा. फुकटच्या बिझनेस ॲपमध्ये मालाची यादी फोटो आणि भावासकट लावता येते, तीही लावा. गूगलच्या नकाशावर दुकानाची जागा, वेळ आणि सुट्टीचा दिवस नोंदवा. याला पैसे पडत नाहीत.

भाव लपवू नका. ‘भाव मेसेजवर विचारा’ असे लिहिलेले पाहून निम्मे लोक विचारीतच नाहीत. फोटो सकाळच्या उजेडात, स्वतःच्या मालाचा काढा. दुसऱ्याचा सुंदर फोटो लावला, की डबा उघडल्यावर आपणच उघडे पडतो. चार ठिकाणी चार पाने काढून ती ओस टाकण्यापेक्षा एकच पान आठवड्यातून दोनदा नेमाने चालवा. आणि विचारणा आली की त्याच दिवशी उत्तर द्या. दुकानात आलेल्या माणसाला आपण तासभर ताटकळत ठेवतो का?

खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांना, ते घरी केलेले असले तरी, अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक पानावर आणि डब्यावर लिहा, अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास त्यानेच बसतो. जमाखर्च लिहून ठेवा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा मोठा गोंधळ उडाला आणि मुख्यमंत्र्यांना व्यापाऱ्यांशी बोलणी करावी लागली. घरखर्चाचे आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात घेणाऱ्यांची त्या वेळी सर्वांत जास्त पंचाईत झाली. फसवणुकीचेही ध्यानात असू द्या. मोठी ऑर्डर देतो म्हणून कोणी क्यूआर पाठवून पिन टाकायला सांगितले, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे पाठवल्याचा नुसता फोटो पाहून माल देऊ नका, खात्यात जमा झाली का ते पाहा. फसलात तर लाज न बाळगता लगेच १९३० वर कळवा.

भगिनींच्या धंद्याबद्दल

आपल्या समाजात फोनवरून चालणारे बरेचसे धंदे बायकांचे आहेत. फराळ, शिवण, शिकवण्या, गाण्याचे वर्ग, रुखवताची तयारी. घरातली पुरुष मंडळी याला अजून ‘तिचा विरंगुळा’ म्हणतात. पान मुलाच्या नावाने असते, पैसे नवऱ्याच्या खात्यात येतात, आणि मुलगा पुण्याला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. हे बदलले पाहिजे. ज्याची मेहनत, त्याचे नाव पानावर. ज्याची मेहनत, त्याचेच खाते. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवावा. पत्ता घरचा द्यायचा नसेल तर माल नेण्याचे ठिकाण एखाद्या ओळखीच्या दुकानी ठरवावे. रात्री-अपरात्री नको ते मेसेज करणाऱ्याला उत्तर न देता बंद करावे, आणि ही गोष्ट घरात सांगितली म्हणून त्या बाईचा धंदा कोणी बंद करू नये.

मंडळाने काय करावे

सल्ला देऊन मोकळे होणे बरे नव्हे. आपल्या मंडळाकडून तीन गोष्टी व्हाव्यात, असे आम्ही सुचवतो. महिन्यातून एक दुपार अशी ठेवावी, की कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ज्येष्ठ दुकानदारांशेजारी बसून त्यांचे पान कन्नड-मराठीत लिहून द्यावे. सभासदांच्या धंद्यांची एक यादी दोन्ही भाषांत करावी आणि ती केवळ आपसांत न फिरवता साऱ्या गावासाठी खुली ठेवावी. आणि मंडळाच्या ग्रुपवर जाहिरातीसाठी आठवड्याचा एक वार ठरवून द्यावा, म्हणजे उरलेले सहा दिवस निधनवार्ता आणि साडीचा सेल एकाखाली एक वाचावे लागणार नाहीत.

आपले पूर्वज या मुलखात आले तेव्हा त्यांच्यापाशी ना ओळख होती, ना भाषा. त्यांनी भाषा शिकून घेतली, माप चोख ठेवले, आणि गावाने त्यांना आपले म्हटले. आज आपल्यापाशी भाषाही आहे आणि ओळखही. येत्या गणपतीपर्यंत प्रत्येक सभासदाने आपल्या पानावर निदान दहा ओळी कन्नडमध्ये आणि दहा मराठीत लिहाव्यात. कोणाला अडचण असेल तर मंडळात यावे, लिहून देणारी मुले मिळतील, ही जबाबदारी आमची.